पीसीबीवरचा ट्रॅक सेलनं खाल्लाय, घरी दुरुस्त होईल का?

सूर_हरवला

नमस्कार मंडळी, इथे पहिलाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

जुना म्युझिकल कीबोर्ड आहे, एकसष्ट पट्ट्यांचा. पाच-सहा वर्षं कपाटावर पडून होता आणि आत सहा सेल तसेच राहिले (हो माहितीये, घरी ऐकून झालंय). गेल्या आठवड्यात उघडला तर सेल फुटलेले, खणात पांढरा थर, स्प्रिंगा हिरव्या आणि ते पाणी झिरपत झिरपत खालच्या सर्किट बोर्डपर्यंत (पीसीबी) गेलेलं. बोर्ड तपकिरी रंगाचा आहे, तांबं एकाच बाजूला. जुन्या टूथब्रशनं घासला तर वरचा हिरवा रंग खपल्यांसारखा सुटला आणि खाली बघतो तर सेलकडून येणारा जाड ट्रॅक (वीज नेणारी तांब्याची पट्टी), दीड मिमी रुंद असेल, सेंटिमीटरभर गायबच! शेजारचे दोन बारीक ट्रॅक काळे पडलेत. त्यात मी शहाणपणा करून स्प्रिंगेची वायर काढायला गेलो तर तिचा पॅडच (वायर जिथे सोल्डर होते ती तांब्याची टिकली) स्टिकर निघावा तसा सोल्डरबरोबर वर आला.

मग चांदीच्या शाईचं पेन येतं ना, ते आणून तुटलेल्या जागी रेघा ओढल्या. मल्टिमीटर बीप द्यायला लागला, मी खूश. पण चालू केल्यावर आवाज कमी असेल तर वाजतो, आवाज वाढवला की डिस्प्ले फिकट होतो आणि सगळं बंद होऊन परत पहिल्यापासून सुरू. शिवाय दर आठवी पट्टी मुकी आहे. बीप येतोय म्हणजे ट्रॅक जोडला गेलाय ना? मग आता बोर्डच गेला म्हणायचा का?

घाईघाई

पेनचा अजून एक हात मारा, जाड थर द्या. माझ्या टीव्हीच्या रिमोटचा ट्रॅक तसाच केला होता, तीन वर्षं झाली, हूं का चूं नाही.

जुना_डाख

बोर्ड गेलेला नाही. पेन बाजूला ठेवा.

आधी सांगा, सेलवर अल्कलाइन लिहिलं होतं का? असेल तर ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्याला पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीनं लावायचं, फसफसायचं थांबलं की पाण्याच्या ओल्या कापडानं दोन-तीनदा पुसायचं, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. साधे झिंक-कार्बन सेल असतील तर पाणी मुळातच आम्लाकडे झुकलेलं, तिथे व्हिनेगर लावून काय उपयोग? नुसतं पुसा. आणि हा तपकिरी बोर्ड म्हणजे कागद आणि फिनॉलिक रेझिन, पाणी पितो. बुडवून ठेवू नका. पुसल्यावर दिवसभर पंख्याखाली वाळवा.

हे न करता वरून जोडलंत तर ते ट्रॅक आतून खात राहील आणि तुम्ही सहा महिन्यांनी इथेच दुसरा धागा काढाल.

सूर_हरवला

अल्कलाइनच होते काका. व्हिनेगर आजच लावतो. पण बीप येऊनही चालत का नाही, हे डोक्यात शिरत नाहीये.

मिलीओहम

बीपवर जाऊ नका हो, बीप फार उदार असतो. बहुतेक मीटरचा बझर तीस-पन्नास ओहमच्या आत काहीही सापडलं की वाजतो. त्याला तुमचा ट्रॅक तांब्याचा आहे की शाईचा याच्याशी घेणंदेणं नाही. मीटर २०० ओहमच्या रेंजवर टाका, आधी दोन्ही प्रोब एकमेकांना चिकटवून आकडा बघा, मग ट्रॅकच्या दोन टोकांना लावा आणि पहिला आकडा वजा करा. काय येतं ते लिहा, मग बोलू.

घाईघाई, तुमच्या रिमोटचं बरोबर आहे पण ते उदाहरण इथे लागू होत नाही. रिमोटचं बटण दाबल्यावर रबराखालची कार्बनची टिकली टेकते, तिचाच रेझिस्टन्स कितीतरी ओहम असतो आणि करंट नावापुरता. तिथे शाईनं आणखी दहा ओहम वाढवले तर कोणाला कळणारही नाही. इथे स्पीकर चालवणारा करंट त्या रेघेतून जातोय.

सूर_हरवला

मोजलं. प्रोब चिकटवून ०.४, ट्रॅकवर ३.४. म्हणजे ३ ओहम. हे जास्त आहे का साहेब?

मिलीओहम

ताई म्हणा, साहेब नको :)

जास्त म्हणजे बघा. नेहमीचं तांबं असतं ३५ मायक्रॉन जाडीचं. या जाडीत एका चौकोनाचा रेझिस्टन्स साधारण अर्धा मिलीओहम. चौकोन कितीही मोठा असू दे, १ मिमी बाय १ मिमी घ्या की १० बाय १० घ्या, तेवढाच, कारण लांबी वाढली तेवढीच रुंदीही वाढली. तुमचा ट्रॅक दीड मिमी रुंद, एकूण लांबी किती आहे? समजा ६० मिमी. म्हणजे चाळीस चौकोन, म्हणजे २० मिलीओहम, ०.०२ ओहम. तुमच्याकडे ३ ओहम आहेत, दीडशे पट.

आता सहा सेल म्हणजे ९ व्होल्ट. आवाज वाढवल्यावर कीबोर्डनं ०.७ अँपिअर ओढले तर ३ गुणिले ०.७ म्हणजे २.१ व्होल्ट त्या शाईतच संपले, पुढे पोचले जेमतेम ७. ठोका पडला की करंट क्षणभर आणखी वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं, प्रोसेसर म्हणतो वीज गेली आणि पहिल्यापासून सुरू होतो. तुमचा फिकट होणारा डिस्प्ले हेच सांगतोय.

सूर_हरवला

लांबी ६० नाही, ५८ भरली :) आता डोक्यात प्रकाश पडला. मग तांब्याची पट्टी चिकटवू का? मागे गोंद असलेली टेप मिळते ती.

भिंगवाला

टेप चालते पण तिच्या गोंदावर विश्वास ठेवायचा नाही. कंडक्टिव्ह गोंद म्हणून विकतात तरी टेपच्या दोन तुकड्यांचा जोड आणि ट्रॅकवरचा जोड सोल्डरनंच करायचा. आणि उष्णता लागली की गोंद मऊ होतो आणि टेप सरकते, मग चिमट्यानं धरून बसा. मी दिवसभर फोनचे बोर्ड करतो, टेप फक्त रुंद ग्राउंडचा तुकडा उडाला असेल तेव्हा. ट्रॅकला वायर. सरळ.

जुना_डाख

+१. वायर आणि डाख, म्हणजे सोल्डर. दुसरं काही नाही.

क्रम सांगतो.

तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना हिरवा रंग ब्लेडनं खरवडा. ब्लेड उभं धरायचं आणि स्वतःकडे ओढायचं, पुढे ढकललंत तर ट्रॅकच्या खाली घुसून तोच उचलेल. काळं तांबं दिसत असेल तर अजून मागे सरका, आणखी मागे, गुलाबी चमक येईपर्यंत. त्या चमकणाऱ्या भागावर निदान ४-५ मिमी वायर बसली पाहिजे, दोन्हीकडे. मग फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचा लेप. राळेचा फ्लक्स, नळजोडणीवाल्यांचा ॲसिड फ्लक्स नाही, त्यात झिंक क्लोराइड असतं आणि ते एकदा बोर्डवर गेलं की सेलनं केलं तेच परत करतं. ट्रॅकला डाखाचा पातळ हात द्या, वायरलाही वेगळा द्या, मग वायर वर ठेवून बिट (आयर्नचं टोक) नुसता टेकवायचा. एक-दोन सेकंद. तपकिरी बोर्डवर तीन सेकंद म्हणजे चैन झाली, खालचा गोंद सुटतो. तुमचा पॅड तसाच सुटला असणार, बिट टेकवून वायर ओढत बसला असाल.

सूर_हरवला

अगदी तसंच केलं होतं. कॅमेरा लावलाय का घरात माझ्या :)

बिटचं तापमान किती ठेवू? माझं आयर्न नॉबवालं आहे, आकडे आहेत त्याच्यावर.

जुना_डाख

शिसंवाला ६३-३७ डाख १८३ अंशाला वितळतो. ३२० ठेवा. बिनशिश्याचा असेल तर तो २१७ च्या पुढे, मग ३५०. कमी तापमान ठेवून जास्त वेळ दाबत बसणं हे बोर्डला जास्त मारक आहे, नवीन माणूस भीतीपोटी नेमकं तेच करतो.

घाईघाई

वायर कशाला पण, फट सेंटिमीटरभरच आहे ना, सोल्डरचाच पूल टाका की. भरपूर ओतायचा, जाड झाला की करंटही भरपूर जाणार.

मिलीओहम

घाईघाई, आयडी सार्थ करताय अगदी.

पहिलं म्हणजे सोल्डर उघड्या बोर्डवर बसतच नाही, तो तांब्याला धरतो, मध्ये तांबं नसेल तर दोन्हीकडे गोळे होऊन बसतो. केसाएवढी चीर असेल तर पूल पडतो, पण बोर्ड जरा वाकला किंवा गरम-थंड झाला की त्याच चिरेवर सोल्डर पुन्हा तडकतो. म्हणून चीर असली तरी वरून मल्टीस्ट्रँड वायरमधली एक तार आडवी घालायची.

दुसरं म्हणजे जाड थराचा भ्रम. शिसं-कथिलाच्या सोल्डरमधून वीज तांब्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्यानंच वाहते. ३५ मायक्रॉन तांब्याची बरोबरी करायला त्याच रुंदीचा ०.३ मिमी जाडीचा सोल्डर लागतो. पॉवर सप्लायच्या ट्रॅकवर कंपनीनंच सोल्डरचे फुगवटे दिलेले असतात ते बघून लोकांना वाटतं करंट दसपट झाला असेल. होतो दुप्पट वगैरे. त्याच फुगवट्यात तांब्याची एक तार लोळवली तर खरा फरक पडतो.

भिंगवाला

वायर कुठली घ्यायची तेही सांगा ताई, नाहीतर हे गृहस्थ घरातली फिटिंगची वायर लावतील.

मिलीओहम

हिशोब सोपा आहे. ०.२५ मिमी व्यासाची तार म्हणजे ०.०४९ चौमिमी तांबं, ती ३५ मायक्रॉनच्या १.४ मिमी रुंद ट्रॅकच्या बरोबरीची. म्हणजे यांच्या दीड मिमीच्या ट्रॅकला ती जवळपास पुरते, पण जागा आहे तर अर्ध्या मिमीची घ्या, निर्धास्त. बारीक ट्रॅक, पाव मिमी रुंदीचे, त्यांना ०.१ मिमीची इनॅमलची (वरून इन्सुलेशनचा लेप दिलेली) तार पुष्कळ झाली.

गेजच्या नंबरावर मात्र जाऊ नका. ३० नंबर म्हटलं तर अमेरिकन मापात, एडब्ल्यूजीमध्ये, ०.२५ मिमी आणि ब्रिटिश मापात, एसडब्ल्यूजीमध्ये, ०.३१. वाइंडिंगची तार बरेचदा दुसऱ्या मापात विकतात. व्यास विचारा.

आणि अजून एक गंमत, लोक रेझिस्टरचे कापलेले पाय जंपर (दोन जागा जोडणारी तार) म्हणून वापरतात, मीही वापरते, पण एकदा लोहचुंबक लावून बघा. बरेच पाय आतून लोखंडी असतात, वरून फक्त तांबं आणि कथिल. सिग्नलला काही बिघडत नाही, पॉवरच्या ट्रॅकला मात्र खऱ्या तांब्याची तार बरी.

कुंपणावरून

मी फक्त वाचक. चुंबकाचं वाचून आत्ता डबा उघडून पाहिला, सगळेच्या सगळे पाय चिकटले! वाचनखूण साठवली.

सूर_हरवला

अपडेट देतो.

व्हिनेगर, पाणी, आयसोप्रोपिल, दिवसभर पंखा, सगळं केलं. शाई आयसोप्रोपिलनं बऱ्यापैकी निघाली, उरलेली खरवडली. फोनचा कॅमेरा झूम करून स्टँडवर ठेवला आणि स्क्रीनकडे बघत ब्लेड चालवलं, पहिल्यांदा हात उलटाच जात होता. आणि काका, तुम्ही 'अजून मागे सरका' म्हणालात ते किती खरं! वरून हिरवा रंग धड दिसत होता, नख लावलं तर टुणकन उडाला आणि खाली तांबं कोळशासारखं. एक सेंटिमीटरची फट वाटत होती, चमक सापडेपर्यंत ती चोवीस-पंचवीस मिमीची झाली. मध्येच घाई करून थोड्या काळपट जागेवर सोल्डर लावून पाहिला तर पाऱ्यासारखा गोळा होऊन बिटलाच चिकटून परत आला. चकचकीत जागेवर मात्र स्वतःहून पसरला. हा फरक एकदा डोळ्यांनी बघितला की विसरायचा नाही.

जाड ट्रॅकवर अर्ध्या मिमीची तांब्याची तार घातली. उखडलेल्या पॅडचं काय करू? इन्स्टंट ग्लूनं चिकटवून टाकू?

भिंगवाला

नको. इन्स्टंट ग्लू गरम झाला की डोळ्यांत जाणारा धूर सोडतो आणि नंतर ठिसूळ होऊन सुटतो. तो पॅड विसरा, कापून टाका. लोंबकळत ठेवलात तर कशाला तरी टेकेल. स्प्रिंगेची वायर त्याच भोकातून आणा, तांब्याच्या बाजूला आडवी वाकवा आणि पुढे ट्रॅकची जिथे चमक आहे तिथे नेऊन सोल्डर करा. वायरला ओढ बसणार असेल तर वरच्या बाजूला दोन भागांच्या इपॉक्सीचा थेंब, म्हणजे ताण इपॉक्सी घेईल, जोड घेणार नाही. इपॉक्सी सगळ्यात शेवटी, मोजून-तपासून झाल्यावर. लोक आधी चिकटवतात आणि मग कळतं की वायर चुकीच्या जागी आहे.

स्विचऑफ

धागा छान चाललाय, मध्येच टोकतो. हे सगळं सेलवरच्या किंवा ॲडाप्टरवरच्या बोर्डला ठीक आहे. कोणी हे वाचून मेनवर चालणाऱ्या पॉवर सप्लायचा जळका ट्रॅक जोडायला जाणार असेल तर दोन गोष्टी.

एक, प्लग काढला तरी मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात, रेझिस्टर लावून रिकामा करा, मीटरनं शून्य झालेलं बघा, मगच हात.

दुसरी माझी स्वतःची फजिती. एका सप्लायचा ट्रॅक जळून बोर्डला नाण्याएवढा काळा डाग पडला होता. मी वर मस्त वायर टाकली, डाग तसाच ठेवला, दिसतोय काळा तर दिसू दे म्हटलं. दहा-बारा दिवसांनी आतून चिटचिट आवाज आणि जळका वास. कारण ते काळं म्हणजे कार्बन आणि कार्बनमधून वीज जाते. मीच दोन ट्रॅकच्या मध्ये वाट ठेवली होती. जळका भाग खरवडून, गरज पडली तर आरपार कोरून काढायला लागतो आणि भोक इपॉक्सीनं भरायचं. डाग खोलवर गेला असेल किंवा मेनची बाजू आणि कमी व्होल्टेजची बाजू यांच्या मधल्या मोकळ्या पट्टीत पसरला असेल तर त्या बोर्डला नमस्कार करायचा. ती पट्टी आपल्या जिवासाठी सोडलेली असते, तिच्यावरून जंपर नेणं म्हणजे वेडेपणा.

जुना_डाख

स्विचऑफ यांना अनुमोदन. आणि हिरवा फायबरचा बोर्ड कोरताना काचेची धूळ उडते. मास्क लावा, फुंकर मारू नका, ओल्या कापडानं टिपा.

सूर_हरवला

बापरे, माझा ॲडाप्टर बाहेरचाच आहे, तिकडे जात नाही.

आता मुक्या पट्ट्या. जाड ट्रॅक झाल्यावर आवाज पूर्ण वाढवला तरी बंद पडत नाहीये, हुर्रे! पण दर आठवी पट्टी अजून मुकीच. दोन बारीक काळ्या ट्रॅकपैकी एकाला ०.१ ची तार घातली, फरक शून्य.

मिलीओहम

दर आठवी हे फार गोड लक्षण आहे. कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीला स्वतंत्र वायर नसते, एकसष्ट पट्ट्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळीत असतात आणि प्रोसेसर एकेक ओळ तपासत जातो. एका दिशेला आठ ओळी असल्या की त्यातली एक तुटली तर नेमकी दर आठवी पट्टी जाते. सलग आठ पट्ट्या गेल्या असत्या तर दुसऱ्या दिशेची ओळ तुटली असं समजायचं. एखादीच गेली असती तर ट्रॅककडे न बघता त्या पट्टीखालचं रबर पुसायचं. म्हणजे तुम्हाला एकच तुटका ट्रॅक शोधायचाय.

शोधायचा असा. एक प्रोब मुक्या पट्टीच्या कार्बनच्या टिकल्यांकडे जाणाऱ्या ट्रॅकवर, दुसरा प्रोसेसरच्या किंवा कनेक्टरच्या पायावर. बीप नाही? मग दुसरा प्रोब ट्रॅकवरून थोडं थोडं पुढे आणत यायचं. प्रोबला शिवणाची सुई बांधा, हिरव्या रंगातून टोचता येते आणि भोकही दिसत नाही. जिथे बीप सुरू होतो त्याच्या लगेच मागे तुटलंय. बोर्डच्या मागून टॉर्च लावलात तर तपकिरी बोर्डमधूनही ट्रॅकची सावली दिसते, वाट समजायला बरी पडते.

आणि पहिली तार घातलीत तिचं इनॅमल निघालं होतं का? काही इनॅमल सोल्डरच्या थेंबात जळून जातं, त्यालाही साधारण ३८० अंश लागतात आणि दोन-तीन सेकंद. काही जळतच नाही, खरवडायला लागतं. वरून जोड चकचकीत दिसतो आणि आत तार कोरडी.

सूर_हरवला

ताई, इनॅमल!! टोकाला तांबं चमकत होतं म्हणून मी समजलो निघालं. ते फक्त कापलेलं टोक होतं, बाजूनं लेप तसाच. बिटवर सोल्डरचा मोठा थेंब घेऊन त्यात टोक बुडवून धरलं, धुराची बारीक रेघ निघाली आणि तार रुपेरी झाली. परत लावली, आता तेवढा ट्रॅक बीप देतो. पट्ट्या तरीही मुक्या!

मग सुई. पाऊण तास टोचत बसलो. तुटकं कुठे निघालं सांगू? जिथे गळती झालीच नव्हती अशा भागात, सेलच्या खणापासून चार बोटं लांब, एका जंपर वायरच्या पायाशी. वरून एकदम नवं कोरं दिसत होतं.

जुना_डाख

ते पाणी वायरीतून चढतं. मल्टीस्ट्रँड वायर असेल तर तारांमधल्या फटीतून वातीसारखं वर जातं, इन्सुलेशनच्या आत. जंपरच्या खालून, रंगाच्या खालूनही. खणातून येणाऱ्या वायरी सोलून बघा, आत काळ्या निघाल्या तर सगळ्या बदला. काळ्या तारेला डाख धरत नाही, कितीही फ्लक्स ओता.

सूर_हरवला

सोलल्या. लाल वायर शेवटपर्यंत ठीक, काळी वायर आतूनही काळी! दोन्ही बदलल्या. जंपरचा पाय उपसून, भोकाभोवती खरवडून, नवीन तार घातली आणि मग एकसष्टच्या एकसष्ट वाजल्या. रात्रीचे साडेअकरा झाले होते, हेडफोन लावून वाजवलं. दाद द्यायला कोणी नव्हतं.

कुंपणावरून

इथे आहोत की आम्ही. टाळ्या.

माझाही एक प्रश्न, धागा पळवत नाही पण विषय तोच आहे. माझा बोर्ड दोन्ही बाजूंनी ट्रॅकवाला आहे, पॉवर जॅक काढताना भोकाच्या आतली तांब्याची नळीच बाहेर आली. आता खालून सोल्डर केलं तर वरच्या बाजूला जोडच नाही.

भिंगवाला

ती नळी म्हणजेच वरचं-खालचं कनेक्शन. जॅकचा पाय परत बसवायच्या आधी भोकातून एक बारीक उघडी तार घाला, वरच्या बाजूला ट्रॅकवर आडवी करून सोल्डर, खालच्या बाजूलाही तसंच, आणि मग पाय तिच्या शेजारून आत. वर जॅकच्या अंगाखाली जागा नसेल तर आधी वरचा जोड करून तो सपाट दाबा, मग जॅक. करंटसाठी एक तार कमी वाटली तर दोन घाला.

चार लेयरचा बोर्ड असेल तर थोडं थांबा, नळीला मधल्या लेयरचंही कनेक्शन असू शकतं आणि ते बाहेरून दिसत नाही. मग त्याच लाइनवरचा दुसरा एखादा पॉइंट शोधून तिथपर्यंत लांब जंपर न्यायचा. आणि यूएसबीच्या दोन डेटा लाइन तुटल्या असतील तर दोन्ही जंपर सारख्या लांबीचे, जवळजवळ आणि होतील तितके आखूड. एक इकडून एक तिकडून फिरवून आणलीत की चार्जिंग होतं आणि डेटा जात नाही, असे कितीतरी बोर्ड माझ्याकडे येतात.

कारखान्यांसाठी या सगळ्याची लिखित पद्धत असते, आयपीसी-७७११/७७२१ म्हणून, त्यातही जंपर वायर, नवा पॅड चिकटवणं, नळीच्या जागी आयलेट (धातूची छोटी नळी) बसवणं हेच सगळं आहे, फक्त शिस्तीत. त्यामुळे जंपर म्हणजे जुगाड असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

मिलीओहम

सूर_हरवला, पट्ट्या वाजल्या म्हणून झाकण लावलं नाहीत ना अजून? जाड ट्रॅक एकदा नीट मोजा. साध्या मीटरला २० मिलीओहम दिसत नाहीत, तेव्हा उलटं करा. कीबोर्डचे सगळे सेल आणि ॲडाप्टर काढा. एक सुटा दीड व्होल्टचा सेल आणि ३.३ ओहमचा एक वॉटचा रेझिस्टर सिरीजमध्ये, आणि त्यातून ट्रॅकमध्ये करंट सोडा, साधारण ०.४ अँपिअर जाईल. रेझिस्टरवरचं व्होल्टेज भागिले ३.३ म्हणजे नेमका करंट. मग मीटर २०० मिलीव्होल्टवर टाकून प्रोब ट्रॅकच्या दोन टोकांना, सेलच्या वायरी जिथे लावल्यात त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे क्लिपचा रेझिस्टन्स मध्ये येणार नाही. मिलीव्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे मिलीओहम. पाच-सहा सेकंदांत उरका, सेल दमतो. आणि पाच व्होल्टचा सप्लाय यासाठी घेऊ नका, मध्येच जोड सुटला तर ते पाच व्होल्ट नको तिथे जातील.

सूर_हरवला

केलं. रेझिस्टरवर १.३६ व्होल्ट, म्हणजे ०.४१ अँपिअर. ट्रॅकवर ५.९ मिलीव्होल्ट. म्हणजे १४ मिलीओहम!! हे तर तुम्ही सांगितलेल्या मूळ २० पेक्षा कमी आलं, माझं काही चुकलं का?

मिलीओहम

काही चुकलं नाही. अर्ध्या मिमीच्या तारेत तुमच्या ट्रॅकच्या जवळपास चौपट तांबं आहे, त्यामुळे ते २५ मिमी आता दोन-अडीच मिलीओहममध्ये निघाले, बाकीचे १२ जुन्या ट्रॅकचे. हिशोब जुळतोय.

आता उघड्या तांब्यावर काहीतरी लावा, यूव्हीवर सुकणारा सोल्डर मास्क असेल तर उत्तम, नाहीतर साधं पारदर्शक लॅकर. फ्लक्स आधी पुसून टाका. आणि दोन आठवड्यांनी हाच आकडा परत घ्या. खाली काही राहिलं असेल तर तो वाढलेला दिसेल.

घाईघाई

दोन आठवडे?? मी तर तेवढ्यात पेन संपवलं असतं.

(बरं, कबूल. रिमोट काल बंद पडला. उघडून बघतो तर शाई धड आहे, सेलच गळलेत.)

जुना_डाख

व्हिनेगर. आजच.

सूर_हरवला

सतरा दिवस झाले. लॅकरच्या आधी दोन्ही टोकांना थोडं सोल्डर उघडं ठेवलं होतं, तिथेच प्रोब लावले. ०.४१ अँपिअरला ६.० मिलीव्होल्ट. झाकण लावलं, सगळे स्क्रू बसले, एक उरला.